पहिला हंगाम

दसरा उलटला की आमच्या कॉलेजातली बाके हळूहळू रिकामी होऊ लागतात. नव्याने रुजू झालेल्या एखाद्या शहरी प्राध्यापकाला वाटते, पोरे दिवाळीच्या सुट्टीला आधीच पळाली. आम्हां जुन्या मंडळींना मात्र ठाऊक असते की गावोगावच्या वेशीवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागले आहेत, मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्चून झाली आहे, आणि बीड जिल्ह्यातली माणसे पाठीवर संसार टाकून उसाच्या मुलखाकडे निघाली आहेत. मी या जिल्ह्यात मराठी शिकवतो. ललित गद्य आणि व्याकरण हे माझे विषय. खेळांशी माझा संबंध वार्षिक क्रीडा महोत्सवात बक्षिसे वाटण्यापुरता, तोही प्राचार्य गावाला गेले असतील तर.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. हा मुलगा माझ्या चांगला ओळखीचा. कारण पहाटे तो मैदानावर धावायचा आणि आठच्या तासाला माझ्या वर्गात झोपायचा. भरतीची तयारी करणारी आमची निम्मी मुले असेच करतात. मी दोनदा रागावलो होतो, तिसऱ्यांदा नाद सोडला होता.

"सर, औंदा कारखान्याला जावं लागतंय," तो म्हणाला.

"का रे? तुझे वडील जातात ना?"

"बाबांची कंबर गेली. आईचा अर्धाच कोयता राहिला. उरलेला अर्धा मी."

शहरातल्या वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, ऊसतोडीत 'कोयता' हे हत्याराचे नाव नव्हे, माणसांचे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. भाषेच्या प्राध्यापकाने यावर निबंध लिहावा अशी ही गोष्ट आहे, पण त्या वेळी मला काही सुचले नाही. मी विचारले, "किती दिवस?"

"पट्टा पडेस्तोवर. पहिलाच हंगाम हाये माझा."

त्याच रविवारी अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. हा माझ्या बहिणीचा मुलगा. तिकडे गेल्यापासून त्याला तिकडच्या फुटबॉलचे वेड लागले आहे. म्हणजे ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि तरी ज्याला फुटबॉल म्हणतात, त्या खेळाचे. तो मला एका 'लाइनबॅकर'च्या पहिल्या मोसमाची कथा सांगत होता. लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा, चढाई हेरून धाडकन अंगावर जाणारा गडी. आपल्या कबड्डीतल्या पकडीच्या खेळाडूला शिरस्त्राण चढवा, म्हणजे अंदाज येईल. "मामा, लॉरेन्स टेलर म्हणून होता. १९८१ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून पहिल्यांदा खेळला, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवा बचावपटू तर ठरलाच, पण साऱ्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला! अशा पहिलटकराला इकडे 'रुकी' म्हणतात. रुकीचा सीझन इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. तुमच्या बीडमध्ये आहे का असं काही?"

'रुकी'ला मराठीत काय म्हणावे, याचा मी सवयीने विचार करू लागलो. नवखा? नवशिका? आमच्या लहानपणी खेळात घेतलेल्या चिमुरड्याला 'कच्चा लिंबू' म्हणत. तो बाद झाला तरी बाद धरीत नसत. पण हे सारे शब्द सवलतीचे आहेत. ज्याने पहिल्याच फेरीत जुन्यांची झोप उडवावी, अशा नवख्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. 'पहिला हंगाम' एवढेच म्हणता येईल, आणि ते मी त्याच आठवड्यात दाराशी ऐकलेले होते.

भाच्याने सांगितलेल्या १९८१ या सालामुळे मात्र मला एक गोष्ट आठवली. त्याच साली टोकियो येथे गोपाल सैनी या भारतीय धावपटूने तीन हजार मीटरची स्टीपलचेस ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत पुरी केली होती. हा राष्ट्रीय विक्रम पुढे सदतीस वर्षे टिकला. तो ज्याने मोडला तो आमच्या बीड जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. विक्रम झाला तेव्हा अविनाशचा जन्म व्हायला अजून तेरा वर्षे अवकाश होता.

"आहे की," मी भाच्याला म्हटले. "आमच्याकडेही एक पहिला हंगाम होऊन गेला. फक्त तो आम्हांला झाल्यावर कळला."

आता स्टीपलचेस म्हणजे काय ते सांगतो, कारण बर्मिंगहॅमच्या पदकापर्यंत आमच्या स्टाफरूममध्येही त्याचा उच्चार तीन प्रकारे होत असे. 'स्टीपल' म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंड-इंग्लंडातले घोडेस्वार एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. वाटेत कुंपण लागो, ओढा लागो, दगडी बांध लागो, तो ओलांडून जायचे. आपल्याकडे भैरोबाच्या कळसापासून खंडोबाच्या दीपमाळेपर्यंत धावावे, तसा प्रकार. पुढे माणसेही तसे धावू लागली, आणि शेवटी ती कुंपणे आणि ओढे क्रीडांगणाच्या आत आले. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस कोरडे अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट.

नेहमीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथे अडथळा हलत नाही. पाय लागला तर माणूस पडतो. तो लाकडाचा जाड दांडा असतो, त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जायलाही हरकत नाही. पाण्याच्या उडीला तर बहुतेक जण तसेच करतात: एक पाय दांड्यावर, दुसरा पुढे झेपावलेला, आणि पलीकडे अडथळ्याच्या पायथ्याशी खोल व पुढे उथळ होत गेलेले पाणी. जितके लांब पडाल तितके पाणी कमी. म्हणजे दमलेल्या माणसाला जास्त पाणी लागते, आणि बूट भिजले की तो आणखी दमतो. या शर्यतीत दया कुठेच नाही.

आणि गेली कित्येक दशके ही शर्यत म्हणजे केनियाची घरची जहागीर. १९६८ पासून २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनिया उतरला, त्या प्रत्येकात पुरुषांचे सुवर्णपदक केनियाकडेच गेले. त्याची सुरुवात केली आमोस बिवॉटने, मेक्सिकोत. या पठ्ठ्याला स्टीपलचेसचा अनुभव असा फारसा नव्हताच. बाकीचे सगळे पाण्यात उतरत होते, आणि हा हरणासारखा वरून जाऊन कोरड्या पायांनी पलीकडे! ज्याला शर्यत कशी धावतात हे नीट शिकवलेले नव्हते, तो सुवर्णपदक घेऊन गेला. नवखेपणाचेही काही फायदे असतात.

अविनाशचे नवखेपण निराळ्या जातीचे होते.

त्याची कहाणी आता पाठ्यपुस्तकासारखी सगळ्यांना पाठ झाली आहे. १३ सप्टेंबर १९९४ चा जन्म. आईवडील शेतकरी, शेतीवर भागेना तेव्हा वीटभट्टीवर राबलेले. गावातून शाळा सहा किलोमीटर. गाडीची सोय नाही, म्हणून सहाव्या वर्षापासून हे पोरगे कधी चालत, कधी पळत शाळेला जाई. बारावी झाल्यावर लष्कर. ५ महार ही त्याची पलटण. २०१३-१४ मध्ये सियाचीनच्या बर्फात, मग राजस्थानच्या वाळवंटात, २०१५ साली सिक्किमला. तिथवर हा खेळाडू नव्हता, शिपाई होता.

बर्मिंगहॅमनंतर आमच्या कॉलेजात एक कार्यक्रम झाला. अविनाशचा फोटो लावला, हार घातला (जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, हे शिपायाने येऊन हळूच सांगितल्यावर तो काढला), आणि भाषणाला मी उभा राहिलो. मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर भाषण त्याच्याकडेच येते. मी त्या सहा किलोमीटरवर वीस मिनिटे बोललो. म्हणालो की हे अंतर म्हणजेच त्याचे गुरुकुल. ज्या वाटेने त्याला तुडवले तिनेच त्याला घडवले. अभाव हाच त्याचा पहिला प्रशिक्षक, वगैरे. टाळ्या चांगल्या पडल्या. वाक्ये जुळत गेली की खरे-खोटे पाहण्याचे भान सुटते, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

पुढे एकदा कुठल्याशा तासाला मी तेच भाषण थोडक्यात पुन्हा ऐकवले. तास संपल्यावर हा झोपाळू विद्यार्थी जवळ आला. त्या दिवशी तो जागा होता.

"सर, मी बी वस्तीवरून शाळेला सात किलोमीटर जायचो. माझ्यासंग धा-बारा पोरं होती. मग आम्ही काहून नाही?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याला खरेच उत्तर हवे होते. मी म्हटले, "जिद्द लागते." त्याने मान हलवली आणि गेला. पण ते उत्तर मलाच रात्री नीट झोपू देईना. बीड जिल्ह्यात पायी शाळेला जाणारी पोरे काय कमी होती? अंतराने धावपटू घडत असते तर आमच्या एकट्या जिल्ह्याने केनियाला घरी बसवले असते. तेव्हा मग मी जरा शोध घेतला, आणि त्या पहिल्या हंगामाची खरी हकीकत मला तेव्हा कळली.

२०१५ साली लष्करातल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत अविनाश पहिल्यांदा उतरला. क्रॉस-कंट्री म्हणजे माळरान, चढ-उतार, चिखल यांतून लांब पल्ल्याची धाव. तिथे त्याची चमक दिसली, लष्कराच्या खेळाच्या छावणीत त्याची निवड झाली. मग दुखापत झाली, धावणे थांबले आणि वजन वाढले. पुन्हा उभा राहिला तो काही महिन्यांत पंधरा किलोच्या आसपास वजन उतरवून. २०१७ मध्ये क्रॉस-कंट्रीतला त्याचा वेग लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत भरला, आणि ते म्हणाले, तू स्टीपलचेस धाव.

इथे थोडे थांबू या. अविनाश तेव्हा बावीस वर्षांचा होता. केनियातली पोरे या वयात जगज्जेती झालेली असतात. तीन फूट उंचीचा न हलणारा दांडा धावता धावता न अडखळता कसा ओलांडावा, पाण्याआधी पावले कशी मोजावीत, दहा-बारा जणांच्या गर्दीत समोरचा दांडा दिसत नसतानाही उडी कधी घ्यावी, हे सगळे त्याला या वयात अक्षर-ओळखीपासून शिकायचे होते. नुसता वेग असून भागत नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी अर्धा सेकंद घुटमळलात तर पस्तीस अडथळ्यांत साडेसतरा सेकंद गेले. आणि साडेसतरा सेकंद म्हणजे या शर्यतीत शंभर मीटरचा फरक.

पहिल्या वर्षी, २०१७ च्या फेडरेशन कप स्पर्धेत तो पाचवा आला. पाचव्या नंबराची बातमी कुठे येते? मग सप्टेंबरमध्ये चेन्नईला राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. तिथे त्याची वेळ होती ८ मिनिटे ३९.८१ सेकंद. सैनींच्या विक्रमापासून हा नवखा नऊ सेकंदांच्या आत आला होता. ज्या विक्रमाकडे सदतीस वर्षे लोक लांबून बघत होते, त्याच्या दाराशी हा पहिल्याच वर्षी जाऊन उभा राहिला.

कथा-कादंबरीत इथून पुढे सरळ विजय येतो. प्रत्यक्षात आली ती घोट्याची दुखापत. २०१८ हे आशियाई स्पर्धांचे वर्ष. ऑगस्टमध्ये जाकार्ताला साऱ्या देशाचे डोळे लागलेले. अविनाशची निवड होऊ शकली नाही. मधल्या काळात तो निकोलाय स्नेसारेव्ह या परदेशी प्रशिक्षकांकडेही शिकून आला. ती तालीम त्याला मानवली नाही आणि तो पुन्हा अमरीश कुमारांकडे परतला. जाकार्तात दुसऱ्यांची पदके झाली, सत्कार झाले. दरवर्षी भरतीत हुकलेली आमच्याकडची पोरे त्या दिवसांत पारावर जशी बसतात, तसे त्याचे ते दिवस गेले असतील अशी माझी कल्पना. फरक एवढाच, की पारावरच्या पोराला दुसऱ्या दिवशी रोजगाराला जावे लागते. अविनाशला दुसऱ्या दिवशी सरावाला जाता आले. पगार चालू होता, शिधा चालू होता, घोट्याकडे बघायला माणूस होता, आणि चुकलेली उडी पुन्हा घे म्हणणारा प्रशिक्षक होता.

माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात नेमके हेच आले नव्हते.

सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस भुवनेश्वरला राष्ट्रीय खुली स्पर्धा भरली. जाकार्ता आटोपल्यावर अशा स्पर्धेकडे कोण बघणार? लग्न होऊन गेल्यावरच्या मांडवासारखी तिची कळा. त्या मैदानावर अविनाशने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपवली. वर्षभरात दहा सेकंद कमी! सैनींचा विक्रम १.०८ सेकंदाने मोडला. अंतरात सांगायचे तर शेवटच्या रेषेवर सदतीस वर्षे उभे असलेल्या त्या माणसाच्या तो साडेसहा मीटर पुढे गेला. आमच्या वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत असेल इतके. अविनाशला चोवीस वर्षे पुरी होऊन पंधरवडाही नीट उलटला नव्हता.

त्या दिवशी मी काय करत होतो, हे मी जुन्या डायरीत पाहिले. सत्र परीक्षेचे पेपर तपासत होतो. शंभर किलोमीटरच्या आत जन्मलेल्या माणसाने देशातला एक सर्वांत जुना विक्रम मोडला, आणि मी 'उत्प्रेक्षा'च्या व्याख्येला अर्धा गुण द्यावा की पाऊण, या विवंचनेत होतो.

त्यानंतरचे वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. २०१९ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. त्याच वर्षी दोहालाच जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडण्या-अडखळण्यात याची वाट अडली आणि तो बाद झाला. भारतीय पथकाने हरकत घेतली, ती मान्य झाली, अंतिम फेरीत त्याला जागा मिळाली. आणि तिथे ८:२१.३७ अशी वेळ देऊन त्याने टोकियो ऑलिंपिकची पात्रताच मिळवली. कच्चा लिंबू म्हणून पुन्हा खेळात घ्यावे आणि त्याने खऱ्या गड्यासारखे खेळावे, तसे झाले. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८:११.२० मध्ये आला. पहिला आलेल्या केनियाच्या अब्राहम किबिवॉटची वेळ ८:११.१५. पाच शतांश सेकंद; अंतर म्हणाल तर फूटभर. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच घेऊन जात असे. त्या घरात हा आष्टीचा पाहुणा शिरला. जाता जाता एक गंमत: आष्टीला रेल्वे पोहोचली ती त्यानंतर, सप्टेंबर २०२२ मध्ये. म्हणजे आमच्या तालुक्याचा माणूस बर्मिंगहॅमला आधी पोहोचला आणि आगगाडी आमच्या तालुक्याला नंतर.

२०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा हा पहिला भारतीय. भुवनेश्वरच्या त्या पहिल्या विक्रमापासून पॅरिसपर्यंत त्याने वीस सेकंद कमी केले, आणि प्रत्येक वेळी मोडलेला राष्ट्रीय विक्रम त्याचा स्वतःचाच होता. २०२५ च्या मे महिन्यात गुमीला पुन्हा आशियाई सुवर्ण. जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी पडला, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. न हलणारा अडथळा अनुभवी माणसालाही ओळख दाखवत नाही.

पण माझे मन त्या पदकांपेक्षा पहिल्या दोन वर्षांतच अडकून बसले आहे. पाचव्या नंबराच्या त्या फेडरेशन कपात, आणि जाकार्ता हुकल्यानंतरच्या त्या महिन्यात. तिथे आधार तुटला असता तर पुढचे काहीच झाले नसते, आणि ते झाले नाही हे कुणाला कळलेही नसते.

माझा तो विद्यार्थी गेल्या वर्षी कारखान्याला गेला तो चैत्रात परतला. हातावर वाढ्यांचे चरे, गालफडे आत गेलेली. परीक्षेचा फॉर्म मी भरून ठेवला होता. पेपर त्याने दिले, दोन राहिले. मैदानावर पुन्हा दिसू लागला तेव्हा मी एका पहाटे मुद्दाम गेलो. माझ्या मोबाइलमधल्या घड्याळावर त्याचे सोळाशे मीटर लावले. सहा मिनिटे चार सेकंद. हंगामाआधी तो साडेपाचच्या आत येत होता, हे त्यानेच सांगितले आणि खाली बसून बुटाची नाडी उगीच सोडून पुन्हा बांधली.

त्या दिवशी मी त्याला जिद्दीविषयी काही सांगितले नाही. आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांशी बोललो. वसतिगृहाच्या खानावळीत एक ताट वाढवता आले. पावसाळाभर ते सर त्याच्यामागे शिट्टी घेऊन उभे राहिले, आणि मी कधीमधी केळी घेऊन. आठच्या तासाला तो अजूनही झोपतो. मी आता त्याला मागच्या बाकावर, भिंतीकडेला बसवतो. भाद्रपद संपता संपता त्याची वेळ पाच मिनिटे एकोणतीस सेकंदांवर आली.

यंदाचा दसरा झाला आणि तो पुन्हा दाराशी आला. मला काय ते कळले. वडिलांची कंबर सुधारलेली नाही. उचल पाऊस लांबला तेव्हाच घेतली गेली होती, आणि घेतलेली उचल फेडल्यावाचून सुटका नाही. मी आईशी बोलतो म्हणालो, मुकादमाशी बोलतो म्हणालो. तो नुसता ऐकत राहिला. शेवटी एवढे ठरले, की डिसेंबरात धाकटा चुलता मोकळा होईल. तो आला की याने परत यायचे. तोवर दोन महिने.

"बूट नेतोस ना?" मी विचारले.

"घेतलेत. पहाटं तोड असती, तवा जमायचं नाही. गाडी भरून झाली की संध्याकाळी पळीन."

"उसाच्या फडात सोळाशे मीटर मोजणार कसे?"

"डांबरी सडकंवर, सर. किलोमीटरच्या मोठ्या दगडांमधी ल्हान दगड असत्यात, दोनशे-दोनशे मीटरवर. आठ झाले की सोळाशे."